बाथच्या बटणावरची चिकटपट्टी

सरांच्या घरात एक बटण होतं, त्याला हात लावायची कुणाची टाप नव्हती.

आयर्लंडमध्ये कपाटाला प्रेस म्हणतात, आणि पाण्याची तांब्याची टाकी ज्या कपाटात उभी असते ते हॉट प्रेस. त्या टाकीतलं पाणी विजेवर तापवायचं तर जवळच एक जोडबटण असतं. एकावर लिहिलेलं असतं ‘सिंक’, म्हणजे भांड्यांपुरतं पाणी तापणार. दुसऱ्यावर ‘बाथ’, म्हणजे अख्खी टाकी. सरांनी बाथवर काळी चिकटपट्टी मारून ठेवली होती. आम्ही त्यांच्या घरातली वरची खोली भाड्याने बघायला गेलो, तर त्यांनी आधी खोली दाखवलीच नाही. बटण दाखवलं.

“हे आहे. हे नाही,” म्हणाले.

आमच्या ह्यांना वाटलं, बिघडलंय. हे आयटीआय केलेले, शॅननला वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात टूलरूमला. बिघडलं हा शब्द नुसता मनात आला तरी यांचा हात खिशातल्या स्क्रूड्रायव्हरकडे जातो. दुरुस्त करून देऊ का, विचारलं यांनी.

“बटण चांगलं आहे, मिस्त्री,” सर म्हणाले. “बिघाड माणसांत आहे.”

तेव्हापासून हे मिस्त्री झाले आणि मी बेटा. एनिस गावात भाड्याची खोली मिळणं इतकं अवघड होतं, की सरांनी परसात पावसाखाली अंघोळ करा म्हटलं असतं तरी आम्ही मान डोलावली असती. आणि पाऊस तिथे बाराही महिने तयारच असतो.

सर नागपूरचे, साठीला टेकलेले. पत्नी वारलेली, मुलगी ऑस्ट्रेलियात. एका औषधांच्या कारखान्यात सांडपाण्याच्या विभागात इंजिनियर होते. ‘लोक औषधं करतात, मी खरकटं काढतो,’ अशी स्वतःची ओळख करून द्यायचे. कुठल्याही शाळेत त्यांनी कधी शिकवलेलं नव्हतं, तरी एनिसपासून शॅननपर्यंतची सगळी मराठी मंडळी त्यांना सरच म्हणायची. कारण कुणी विचारो न विचारो, ते शिकवायचेच. सुपरमार्केटच्या रांगेत पुढच्या बाईच्या ट्रॉलीतल्या प्लॅस्टिकवर बोलायचे. दाताच्या डॉक्टरकडे गेले आणि तोंडातून नळी निघाल्या निघाल्या पहिला प्रश्न केला, मी आत्ता चूळ भरली ती जाते कुठे? डॉक्टरीणबाईंनी गोंधळून बेसिनकडे बोट दाखवलं. “ते मला दिसलं,” सर म्हणाले. “त्याच्यापुढे?”

हाच त्यांचा एकमेव प्रश्न होता. कुठे गेलं? ‘टाकलं’ हा शब्द त्यांच्यासमोर उच्चारायची सोय नव्हती. टाकलं म्हणजे संपलं असं नसतं बेटा, टाकलं म्हणजे दुसऱ्याच्या दारात ठेवलं. हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की केराची पिशवी उचलली की ते माझ्याच तोंडून बाहेर पडतं आणि आमचे हे खोलीतून निघून जातात.

आता माझं सांगते. मी इचलकरंजीची, शाळा नववीत सुटलेली. भूगोलाच्या बाई प्रश्न विचारायच्या आणि उत्तर आलं नाही की वर्गाबाहेर उभं करायच्या. मला उत्तर यायचं नाही, आणि ‘माहीत नाही’ म्हणायचंही धाडस व्हायचं नाही. मी नुसती बाकाकडे बघत राहायची. त्यामुळे भूगोल मी बराचसा व्हरांड्यातूनच शिकले. त्याच वर्षी आई अंथरुणाला खिळली, धाकट्या दोघांना सांभाळायला घरी राहिले, ती राहिलेच. लोकांना वाटलं, पोरीचं नुकसान झालं. मला आतून हायसं वाटलं होतं.

इथे आल्यावर मात्र ते हायसं वाटणं अंगाशी आलं. इथली मराठी माणसं भेटली की दुसऱ्या वाक्याला विचारतात, वहिनी, तुमचं शिक्षण काय? कुणी एमटेक, कुणी पीएचडी, एक तर डबल पीएचडी. मी तोपर्यंत बटाटेवड्यांचं ताट पुढे केलेलं असायचं. तोंडात वडा असला की माणूस पुढचं विचारत नाही, एवढं माझं संशोधन झालेलं होतं.

सरांना वड्याने गप्प करता आलं नाही. उलट वड्यांनीच घात केला. एकदा तळणीचं उरलेलं तेल मी सिंकमध्ये ओतलं, आणि मागे सर उभे.

“काय करून राहिली तू?”

सरांची मराठी एरवी पुस्तकी होती. नागपूर बाहेर आलं की समजायचं, रागावलेत. मी म्हटलं, तेल टाकलं. झालं. कुठे गेलं? नळीत. मग? गटारात. मग? मी बाकाकडे, म्हणजे ओट्याकडे बघायला लागले. 

त्यांनी कोट घातला आणि मला म्हणाले, चल. मला वाटलं, खोली सोडायला सांगतात. तर ते मला परसात, त्यांच्या गुलाबांच्या वाफ्यापाशी घेऊन गेले, भिंतीवरून उतरणारा सांडपाण्याचा पाइप दाखवला, तो जमिनीत कुठे शिरतो ते दाखवलं, मग रस्त्यातलं लोखंडी झाकण, मग पुढच्या कोपऱ्यावरचं. असं झाकणाझाकणावरून आम्ही अख्खं गाव पालथं घातलं. सर पुढे, छत्री न उघडता. मी मागे, साडीवर जॅकेट घालून. शेजारच्या बाईंनी विचारलं, काही हरवलंय का? सर म्हणाले, हो, हिचं तेल. शेवटी गावाच्या सांडपाण्याच्या केंद्राच्या फाटकाशी येऊन थांबलो. फाटक बंद होतं. सर गजांना धरून आत बघत राहिले. दुसरं कुणी देवळाच्या दारात तसं उभं राहतं.

मी विचारलं, आणि इथून पुढे कुठे जातं सर?

ते वळले. चेहरा असा, जणू मी त्यांना पेढे दिले. “आत्ता विचारलंस,” म्हणाले. “आता तू शिकशील.”

आणि त्यांनी मला शिकायला घातलंच. गावात मोठ्या माणसांसाठी शिक्षणकेंद्र आहे, तिथे पर्यावरणाचा एक वर्ग होता. तो पुरा करून प्रमाणपत्र मिळालं तर कौन्सिलच्या कचरा-वर्गीकरणाच्या आवारात फाटकावरची नोकरी मिळण्यासारखी होती. जागा रिकामी होणार हे सरांनी हेरून ठेवलेलं होतं. मला ती नोकरी हवी होती. फार हवी होती. पण वर्गाच्या शेवटी सगळ्यांपुढे उभं राहून इंग्रजीत बोलायचं, मग बाहेरून आलेल्या परीक्षकबाई प्रश्न विचारणार, हे ऐकून मी दाराजवळची खुर्ची धरली ती शेवटपर्यंत सोडली नाही. रोज संध्याकाळी सर माझा अभ्यास घ्यायचे. दिवा एकच, तो माझ्या वहीवर. स्वतः अंधारात बसून शिकवायचे.

एकदा मी वर्गात सांगितलं, आमची आई दुधाच्या पिशव्या धुऊन, वाळवून जमवायची, काही म्हणता काही वाया घालवायची नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी उड्या मारत घरी येऊन सरांना सांगितलं. त्यांनी विचारलं, पिशव्या पृथ्वीसाठी जमवायची का आई? मी म्हटलं, नाही, भंगारवाला घ्यायचा म्हणून.

“मग ती अडचण होती बेटा. अडचणीला शिक्षण म्हणू नकोस, तिचा अपमान होतो. मुभा असताना माणूस काय करतो, तेवढंच तो शिकला.”

मी जरा खट्टू झाले. टाळ्या छान वाजल्या होत्या.

दर रविवारी गावातल्या हॉलमध्ये मराठी मुलांचा वर्ग भरायचा. तोही सरांकडे होता. आईबापांची अपेक्षा बाराखडी आणि श्लोक एवढीच. सर मुलांना हॉलच्या मागचे कचऱ्याचे डबे हुंगायला न्यायचे. मुलं मराठीत विचारलेल्याला क्लेअरच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, हेलात इंग्रजीत उत्तर देतात, पण डब्याचा वास घेऊन आलेली पोरं ‘शी’ मात्र अस्सल मराठीत म्हणायची. मराठी मंडळाच्या अध्यक्षीणबाईंना हे पसंत नव्हतं. त्या एका सॉफ्टवेअर कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होत्या आणि सरांना नेहमी हसत हसत बोलायच्या, म्हणजे लागायचं जास्त.

त्या वर्षी सरांनी जाहीर केलं, मंडळाचा गणपती मुलं करतील. प्लास्टरचा मागवायचा नाही. घरोघरी पत्रपेटीत येऊन पडणारी जाहिरातींची पत्रकं भिजवून, कुटून, त्याचा लगदा आणि कणकेची खळ. उन्हाळाभर हॉलमध्ये कुटाकुटी चालली. मूर्ती मात्र गोड झाली, डोळे किंचित तिरपे असले तरी. सर म्हणाले, पाण्यात गेला की दुसऱ्या दिवशी मागमूस राहणार नाही.

विसर्जनाची जागाही त्यांनीच शोधली. नदी नको, समुद्र नको. कामाच्या वाटेवर एका शेतात त्यांना एक तळं दिसलं होतं, निवांत, चहूकडे हिरवळ. शेतकऱ्याला गाठून त्यांनी रीतसर परवानगी मागितली. तो म्हणाला, ‘ग्रँड.’ इथे ग्रँड म्हणजे भव्य वगैरे काही नाही. चालेल, बघू, जाऊ दे, सगळ्याला ग्रँड.

पाचव्या दिवशी गाड्या काढून आम्ही तिथे गेलो. सतत पाऊस. सरांनी मोठ्या धीराने मूर्ती हातात धरली होती, रंगाचा एक ठिपका ओघळला नाही. गुडघाभर पाण्यात उतरून त्यांनी ती ठेवली. आम्ही काठावरून ओरडलो, पुढच्या वर्षी लवकर या.

ते आठवड्याभरातच आले.

शेतकऱ्याचा फोन आला तेव्हा सर चहा पीत होते. त्यांचा कप हातातच राहिला. इथे कुणाही तिऱ्हाइताला ‘युवर मॅन’ म्हणायची पद्धत आहे. शेतकरी म्हणत होता, तो तुमचा युवर मॅन, सोंडवाला, माझ्या गायींमध्ये बसलाय.

आम्ही तिघं गेलो. तळं नव्हतं. म्हणजे आटलं होतं असं नव्हे, तिथे तळं कधी होतं यावर विश्वास बसू नये असं गवत होतं आणि त्यात गायी चरत होत्या. त्या भागात सगळा चुनखडीचा खडक. पाऊस फार झाला की जमिनीतल्या भोकांतून पाणी वर येतं आणि शेताचं तळं होतं; थोडे दिवस ऊन पडलं की त्याच भोकांतून पाणी परत खाली. त्याला टरलॉख म्हणतात. क्लेअरमधल्या कुठल्याही शाळेत शिकवतात. सर नागपूरच्या शाळेत शिकलेले.

गणपती शेतकऱ्याच्या गोठ्यात होते. त्याने कोरड्या पेंढीवर बसवून वरून खताची स्वच्छ पिशवी पांघरली होती. कुणाचा तरी देव दिसतोय, म्हणाला, रात्रीचा भिजू नये. रंग गेला होता, आसनावर गालिच्यांच्या सेलची जाहिरात वाचता येत होती, पण मूर्ती जशीच्या तशी. आमच्या ह्यांनी बोट फिरवून बोट हुंगलं.

“सर, ह्याला तेल लावलंय?”

सरांनी खताच्या पिशवीची घडी घातली. मग म्हणाले, जवसाचं. दोन हात. वाटेत पावसाने विरघळू नये म्हणून.

माझे यजमान चांगले आहेत. ते हसले नाहीत. गोठ्याबाहेर जाऊन हसले.

सरांनी शेतकऱ्याला विचारलं, पाणी कुठे गेलं? त्याने खांदे उडवले. कुणास ठाऊक. माझ्या बापालाही माहीत नव्हतं.

परतताना गाडीत मागच्या सीटवर मी गणपतीला मांडीवर घेऊन बसले होते. सर पुढे. म्हणाले, शिकवणं बंद. ज्याला एवढं कळत नाही त्याने दुसऱ्याला कशाला शहाणपण सांगावं? रविवारचा वर्ग अध्यक्षीणबाईंना देऊन टाकतो. मग अगदी हळू म्हणाले, तुझंही तूच बघ आता बेटा.

माझी परीक्षा पंधरवड्यावर होती. मी गणपतीच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले. त्या संध्याकाळी सर दिवा न लावता आपल्या खोलीत बसले आणि माझ्या वहीवरचाही दिवा लागला नाही. मी ह्यांना सांगून टाकलं, मी काही त्या परीक्षेला जात नाही. हे म्हणाले, बरं. ह्यांचं ते ‘बरं’ मला अजिबात आवडलं नाही.

रविवारी हॉलमध्ये सगळे जमले होते. अध्यक्षीणबाई अगदी गोड हसून म्हणाल्या, “सर, तुमचा सस्टेनेबल बाप्पा जरा जास्तच सस्टेन झाला हो.” हशा पिकला. कुणी म्हणालं, पुढच्या वर्षी सरळ प्लास्टरचा मागवू, निदान बुडतो तरी. कुणी म्हणालं, बाप्पाला गायी आवडल्या असतील. मी मागे चहा गाळत होते.

सर उभे राहिले. हातात काही नाही, आवाज नेहमीचा.

“तेलाचं मला माहीत होतं, मी विसरलो,” ते मुलांना म्हणाले. “तळ्याचं मला माहीत नव्हतं. विचारायला हवं होतं, विचारलं नाही. एवढंच सांगायचं होतं.”

आणि ते कोट घालायला लागले.

मी गाळणी हातात धरून उभी राहिले. सबंध शाळेत मी असं ऐकलेलं नव्हतं. शिकवणारा माणूस म्हणतो, मला माहीत नव्हतं. आणि कुणी त्याला बाहेर उभं करत नाही. तो स्वतःच चाललाय. मला भीती वाटली, की हे एकदा दाराबाहेर गेले की व्हरांड्यातच राहतील.

“सर,” मी म्हटलं. इतक्या लोकांसमोर मी पहिल्यांदाच तोंड उघडत होते, आवाज नको इतका मोठा निघाला. “पाणी गेलं कुठे?”

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. डबल पीएचडीवाल्यांनीसुद्धा.

“माहीत नाही बेटा.”

“मग असं अर्ध्यावर सोडायचं का? तेलाच्या वेळेस मला अख्खं गाव पायी फिरवलंत.”

कुणीतरी हसलं, पण ते हसणं वेगळं होतं. सरांचा एक हात कोटाच्या बाहीत, एक बाहेर. मग त्यांनी बाहीतला हात काढून घेतला.

“गमबूट कुणाकुणाकडे आहेत?” त्यांनी मुलांना विचारलं.

पुढच्या पावसात टरलॉख भरला, उतरला, आणि मुलं काठ्या रोवून पाणी कुठवर आलं ते बघत राहिली. आईबाप चिखलात उभे. अध्यक्षीणबाई नव्या कोऱ्या गमबुटात आल्या आणि सगळ्यात जास्त प्रश्न त्यांनीच विचारले. पाणी कुठे जातं ते कळलं नाही. गणपतीचं तेल मात्र ह्यांनी हलक्या हाताने खरवडून काढलं, आरती करून परसातल्या पिंपात बाप्पांचं पुन्हा विसर्जन झालं, आणि या खेपेला ते विरघळले.

माझ्या वहीवरचा दिवाही पुन्हा लागला, आणि परीक्षेत मी हेच सांगितलं. तळं, गायी, जवसाचं तेल. इंग्रजी मोडकं होतं, पण गायींपाशी सगळे हसले. शेवटी परीक्षकबाईंनी चष्म्यावरून पाहत विचारलं, मग ते पाणी जातं कुठे?

माझी नजर बाकाकडे वळली होती. ती मी वर उचलली.

माहीत नाही, मी म्हटलं. शेतकऱ्यालाही माहीत नाही. आम्ही शोधतोय.

बाईंनी काहीतरी लिहिलं आणि म्हणाल्या, ग्रँड.

त्यांचं ग्रँड नक्की कुठल्या अर्थाचं ते कळायला महिना गेला. आज मी कौन्सिलच्या त्या आवारात फाटकावर असते, पिवळं जॅकेट घालून. सर निवृत्त होऊन नागपूरला गेलेत. त्यांच्या कॉलनीतल्या लोकांचे काय हाल असतील ते मी इथून सांगू शकते.

पण पास झाल्याचं कळलं त्या संध्याकाळचं सांगायचं राहिलं. मी सरांच्या पाया पडले. ते ‘हो, हो’ म्हणाले, शाबासकीचा शब्द काढला नाही, आणि जिना चढून हॉट प्रेसपाशी गेले. नखाने कोपरा उकरून त्यांनी बाथवरची चिकटपट्टी काढली. पट्टी नीट घडी करून खिशात ठेवली.

“आज अख्खी टाकी,” म्हणाले. “निवांत कर अंघोळ.”

त्या घरात मी पहिल्यांदा गळ्यापर्यंत गरम पाण्यात बसले. खालून एकदाच आवाज आला, साबण बेताने लाव. मला वाटलं, सवयीने म्हणाले असतील. बऱ्याच वेळाने बूच काढलं, पाणी गरगरत निघालं, आणि वाफेने धुरकटलेली खिडकी पुसून मी सहज खाली पाहिलं.

परसात, भुरभुरत्या पावसात, सर भिंतीवरच्या पाइपाचा खालचा तुकडा सोडवून त्याखाली बादली धरून उभे होते. शेजारी रिकाम्या बादल्या घेऊन आमचे मिस्त्री.

टरलॉखाचं पाणी कुठे जातं ते मला आजही माहीत नाही. माझ्या अंघोळीचं विचाराल तर छातीठोकपणे सांगते: सरांच्या गुलाबांना.